मरैमलै नगरची मोटार

जुलै २०२२ मध्ये चेन्नईच्या दक्षिणेला मरैमलै नगर येथील फोर्डच्या कारखान्यातून शेवटची इकोस्पोर्ट बाहेर पडली. ती भारतीय ग्राहकासाठी नव्हती. देशातील विक्रीसाठी गाड्या बनवणे फोर्डने आधीच थांबवले होते. उरली होती ती परदेशातील मागणी. त्याआधी मे-जून महिन्यांत भरपाई वाढवून मिळावी म्हणून कामगारांनी काम बंद ठेवले होते, आणि पुढे त्यांनीच परत येऊन उरलेल्या गाड्या जुळवून दिल्या. ज्या गाडीवर तिचे चालक जीव टाकत, तिचा कारखाना बंद का पडला, हा प्रश्न तेव्हापासून भारतात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायचे तर चेन्नईबरोबर चीनमधील चोंगचिंगकडेही पाहावे लागते, कारण तीच कंपनी तीच गाडी तिकडेही बनवत होती.

फोर्ड भारतात प्रथम आली ती १९२६ साली, तीही अमेरिकेतून थेट नव्हे, कॅनडामार्गे. ब्रिटिश साम्राज्यातील बाजारपेठांचे हक्क फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होते. साम्राज्यांतर्गत मालाला जकातीत सवलत मिळे आणि कॅनडा साम्राज्याचा भाग होता. म्हणून भारतातील फोर्ड ही कॅनडातील फोर्डची शाखा म्हणून सुरू झाली. पेटाऱ्यांत भरलेले सुटे भाग बंदरावर उतरत आणि मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे त्यांची गाडी जुळवली जाई. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला हेच काम आरंभले. स्वातंत्र्यानंतर प्रश्न निघाला तो असा, की ही जुळणी म्हणजे उद्योग म्हणायचा का? १९५३ साली जकात आयोगाने स्पष्ट सांगितले, की ज्यांच्याकडे भाग देशात बनवण्याची योजना नाही त्यांनी आपला गाशा गुंडाळावा. दोन्ही अमेरिकी कंपन्या निघून गेल्या. त्या निर्णयाने भारतीय ग्राहकाला पुढची तीन दशके मोजक्याच गाड्यांवर समाधान मानायला लावले हे खरे. पण सुटे भाग बनवणारा उद्योगही त्याच धोरणाच्या आडोशाने वाढला, हेही तितकेच खरे.

त्या उद्योगाचे एक मोठे केंद्र मद्रास होते. अशोक लेलँडचे ट्रक, एनफिल्डची मोटारसायकल, स्टँडर्ड कंपनीच्या गाड्या ही दिसणारी नावे. त्यांच्यामागे ब्रेक, चाके, विजेची उपकरणे, नट-बोल्ट बनवणाऱ्या टीव्हीएस परिवारातील आणि इतर कारखान्यांची दाट वस्ती होती. त्यांपैकी सुंदरम फासनर्स या कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी जनरल मोटर्सला रेडिएटरची झाकणे पुरवण्याचे काम मिळवले. रेडिएटरचे झाकण ही क्षुल्लक वस्तू वाटते. प्रत्यक्षात ठरावीक दाबाला उघडणारी आणि लाखो नगांत एकसारखे वागणारी ती एक झडप असते, आणि तिचा दर्जा सांभाळणाऱ्या गावाला पुढची कामे मिळत जातात.

फोर्ड १९९५ मध्ये परत आली तेव्हा तिची भागीदार महिंद्र होती, आणि पहिली गाडी, एस्कॉर्ट, १९९६ मध्ये जुळवली गेली ती महिंद्रच्या नाशिकच्या कारखान्यात. मराठी वाचकाला ही गोष्ट थोडी बोचावी अशीच आहे. नाशिकला जुळणी झाली. नवा, स्वतंत्र कारखाना मात्र उभा राहिला मरैमलै नगरला. बंदर जवळ, पुरवठादार शेजारी आणि राज्य सरकार सवलती द्यायला तयार, असा तो हिशेब होता. १९९८ मध्ये फोर्डने आपला वाटा वाढवून कंपनी जवळजवळ स्वतःकडे घेतली. ज्या गावाला आपले संस्कृत नाव टाकून शुद्ध तमिळ नाव धारण करणाऱ्या मरैमलै अडिगळांचे नाव दिले आहे, त्याच गावाच्या नावापुढे एका अमेरिकी नावाची पाटी लागली. इतिहासाला अशी गंमत अधूनमधून सुचते.

१९९९ च्या अखेरीस आलेली आयकॉन ही या कारखान्याची पहिली खरी गाडी. युरोपातील फिएस्टा या छोट्या गाडीला मागे सामानाची डिकी जोडून, भारतीय खड्डे आणि मागे बसणारे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून ती घडवली होती. तिचा ‘जोश’ जाहिरातीपुरता नव्हता. त्या काळातील बहुतेक भारतीय गाड्या चालवणे हे काम होते. आयकॉनचे सुकाणू मात्र रस्त्याची खबर हातापर्यंत पोचवत असे, आणि एक पिढी त्यावर गाडी चालवण्याचा आनंद शिकली. ही गाडी दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिकोतही विकली गेली. चीनमध्ये तिचा प्रवास याहून महत्त्वाचा ठरला.

चीनचे फोर्डशी नाते जुने होते. १९२४ साली सन यत्सेन यांनी हेन्री फोर्ड यांना पत्र लिहून चीनच्या औद्योगिक उभारणीत मदत करण्याचे आवाहन केले होते. त्यातून तेव्हा काही निष्पन्न झाले नाही. पण २००१ मध्ये चांगआन या सरकारी मालकीच्या कंपनीबरोबर फोर्डने निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार केला, आणि २००३ च्या आरंभी चोंगचिंगच्या कारखान्यातून जी पहिली गाडी निघाली ती आयकॉनच्याच घडणीची होती; तिकडे तिचे नाव फिएस्टा. म्हणजे चिनी चालकांना फोर्डची ओळख ज्या गाडीने करून दिली, तिची बहीण मरैमलै नगरला आधीपासून तयार होत होती.

पुढची दहा वर्षे मात्र दोन्हीकडे फार वेगळी गेली. चीनच्या १९९४ च्या धोरणानुसार गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात परदेशी कंपनीचा वाटा निम्म्याहून अधिक असू शकत नसे. म्हणजे प्रत्येक गाडीमागे एक चिनी भागीदार शिकत होता. भारताने १९९७ मध्ये दुसरा मार्ग धरला. मालकी पूर्ण परदेशी चालेल, पण तीन वर्षांत निम्मे आणि पाच वर्षांत सत्तर टक्के भाग देशी हवेत, अशी अट कंपन्यांशी झालेल्या करारांत घातली गेली. अमेरिका आणि युरोपीय संघ या अटींविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे गेले आणि २००१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला. तोवर पुरवठादारांची साखळी बरीचशी उभी राहिली होती, त्यामुळे निकालाचा घाव वरवरच लागला.

भारतात फोर्डला खरी लोकप्रियता मिळाली ती दोन गाड्यांमुळे. २०१० मध्ये आलेली फिगो साडेतीन लाखांपासून मिळत होती आणि २०११ ची सर्वोत्तम भारतीय मोटार ठरली. तिच्यापाठोपाठ जून २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली. ब्राझीलमध्ये आराखडलेली ही गाडी ब्राझील, भारत, चीन अशा अनेक देशांत बनत होती. पण भारतातील गाडी एका आकड्याने बांधलेली होती. २००६-०७ च्या अर्थसंकल्पाने छोट्या गाडीची व्याख्या ठरवली होती: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. या चौकटीत बसणाऱ्या गाडीवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. भारतीय इकोस्पोर्टची नोंदीतील लांबी ३९९९ मिलिमीटर आहे. अर्थमंत्र्यांची पट्टी आणि अभियंत्यांची पट्टी यांच्यात एका मिलिमीटरचे अंतर उरले.

इंजिनाचीही तीच कथा, आणि ती विज्ञानाच्या दृष्टीने अधिक रसाळ आहे. तिचे ९९९ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे ‘इकोबूस्ट’ इंजिन १२५ अश्वशक्ती देत असे, म्हणजे त्या काळच्या दीड लिटरच्या साध्या इंजिनापेक्षा अधिक. बाहेर जाणाऱ्या धुराच्या वेगावर फिरणारा टर्बो आत जास्त हवा दाबून भरतो आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. लहान भांड्यात मोठा स्वयंपाक तो असा. अडचण होती ती कंपनांची. तीन दट्टे १२० अंशांच्या फरकाने फिरतात तेव्हा त्यांचे वरखालीचे धक्के एकमेकांना छेदतात. पण पहिला आणि तिसरा दट्ट्या इंजिनाच्या दोन टोकांना असल्यामुळे सगळे इंजिन पाळण्यासारखे डुलू लागते. नेहमीचा उपाय म्हणजे उलट फिरणारा एक जादा दांडा बसवायचा. तो वजन वाढवतो आणि ऊर्जाही खातो. फोर्डच्या अभियंत्यांनी दांडा टाळला आणि मागचे गतिचक्र व पुढची कप्पी ही दोन्ही मुद्दाम असंतुलित केली. डुलणे नाहीसे होत नाही. त्याची दिशा बदलते, आणि त्या दिशेचे धक्के इंजिनाखालचे रबरी आधार सहज पचवतात. या इंजिनाने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे जगातील सर्वोत्तम इंजिनाचा पुरस्कार मिळवला. त्याच गाडीत मिळणारे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन मात्र १२०० च्या रेषेपलीकडे पडल्याने ती गाडी छोटी असूनही करासाठी मोठी ठरे.

इकोस्पोर्टने भारतात छोट्या उंच गाड्यांची लाट आणली, यात शंका नाही. पण लाट आणणारा आणि तिच्यावर स्वार होणारा नेहमी एकच नसतो. स्पर्धकांच्या तशाच गाड्या एकामागून एक येत राहिल्या, आणि फोर्डची पुढची गाडी येईपर्यंत ग्राहक वाट पाहत बसले. त्यातच २०१५ मध्ये गुजरातेत साणंदला वर्षाला दोन लाख चाळीस हजार गाड्यांच्या क्षमतेचा दुसरा कारखाना सुरू झाला. चेन्नईची क्षमता दोन लाखांची होतीच. २०२०-२१ या वर्षात देशातील विक्री पन्नास हजारांच्या आत होती. रंगकामाची भट्टी दहा गाड्यांसाठी तापवा की शंभर गाड्यांसाठी, तापवण्याचा खर्च फारसा कमी होत नाही. २०१८ पासून चेन्नईची इकोस्पोर्ट अमेरिकेतही विकली जाऊ लागली, तरी क्षमता भरली नाही. महिंद्रबरोबर पुन्हा संयुक्त कंपनी काढण्याचा करार २०१९ मध्ये झाला आणि २०२० च्या शेवटच्या दिवशी मोडला. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने उत्पादन थांबवण्याची घोषणा केली तेव्हा दहा वर्षांतील तोटा दोन अब्ज डॉलरहून अधिक सांगितला गेला आणि सुमारे चार हजार कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. चालकांची आवड आणि खरेदीदारांची संख्या या दोन वेगळ्या राशी आहेत; फोर्डकडे पहिली भरपूर होती.

दुसरी राशी चीनमध्ये होती. २०१३ साली फोकस ही एकच गाडी तिथे चार लाखांहून अधिक विकली गेली. २०१६ मध्ये फोर्डची चीनमधील एकूण विक्री १२ लाख ७० हजारांच्या घरात पोचली. आणि तीन वर्षांत ती निम्म्याहून खाली, पावणेसहा लाखांच्या आसपास आली. चिनी कंपन्या तोवर गाडीचे सगळे अवयव बनवायला शिकल्या होत्या आणि विजेवरील गाड्यांत पुढेही निघाल्या होत्या. निम्म्या भागीदारीच्या अटीने परदेशी कंपनीला तारले नाही. ती त्यासाठी नव्हतीच.

आता उलटा प्रवाह दिसतो. चेन्नईहून ज्या दक्षिण आफ्रिकेत आणि मेक्सिकोत इकोस्पोर्ट जात असे, तिथे फोर्डच्या दुकानांत आज टेरिटरी नावाची गाडी उभी असते आणि ती चीनमध्ये बनलेली असते. साणंदचा कारखाना टाटांनी घेतला. मरैमलै नगरचा कारखाना फोर्डने विकला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने तमिळनाडू सरकारला तो निर्यातीसाठी पुन्हा सुरू करण्याचा इरादा कळवला, आणि ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ३,२५० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा करार झाला. त्यानुसार २०२९ पासून तेथे वर्षाला २ लाख ३५ हजार इंजिने तयार होतील आणि सुमारे सहाशे जणांना काम मिळेल. गाडी तिथे बनणार नाही.