नाव हिंदुस्थानचे, बीअर विलायतेची

‘इंडिया पेल एल’ ही बीअर आपल्या देशाचे नाव जवळजवळ दोनशे वर्षे मिरवीत आहे. तिचे रसिक तिच्या जन्माची एक कथा मोठ्या आवडीने सांगतात. हिंदुस्थानकडे निघालेली बीअर वाटेतल्या उन्हाळ्याने नासून जाई. तेव्हा लंडनच्या जॉर्ज हॉजसनने हॉप वेलीची कडू फुले भरपूर घालून एक नवीच टिकाऊ बीअर निर्माण केली, अशी ती कथा. कथा सुटसुटीत आहे, पण इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. उष्ण देशांकडे जाणाऱ्या बीअरमध्ये हॉप अधिक घालावेत, हा सल्ला १७६०च्या दशकातच रूढ होता. शिवाय पोर्टर नावाची काळी बीअरही त्याच सागरी वाटेने येऊन सुखरूप पोचे आणि गोऱ्या शिपायांची तहान भागवी.

मग हॉजसनचे नाव का झाले? याचे उत्तर नकाशात आणि खतावणीत शोधावे लागते. त्याचा कारखाना पूर्व लंडनमधील बो येथे १७५२च्या सुमारास निघाला. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे नांगरून पडत, तो ब्लॅकवॉलचा धक्का तेथून जवळच होता. कंपनीच्या कप्तानांना खाजगी व्यापाराची मुभा असे. मद्य, चीज, टोप्या असा माल ते स्वतःच्या हिशेबी नेत. हॉजसन त्यांना बारा ते अठरा महिन्यांच्या उधारीवर बीअर देई. उधारी देणाऱ्या वाण्याचे गिऱ्हाईक सहसा तुटत नाही, हे आपल्या पेठांना काय सांगावे!

पुढचे काम समुद्राने केले. पिंपे केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी कलकत्त्यास पोचत. तळघरात मुरायला जिला दीर्घ काळ लागे, ती बीअर उष्म्याने आणि जहाजाच्या हेलकाव्यांनी वाटेतच परिपक्व होई.

१८२०च्या दशकात हॉजसनच्या वारसांना लोभ सुटला. त्यांनी उधारी आखडली, भाव चढवले आणि कप्तानांना वगळून माल स्वतःच धाडण्यास आरंभ केला. कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्चबँक्स यांनी १८२२मध्ये बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉप यांना या बाजारात उतरण्यास सुचवले. रशियाने जकात वाढवल्यामुळे बर्टनची बाजारपेठ नुकतीच बुडाली होती. ऑलसॉप यांच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत केला, असे सांगतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्यामुळे तेथील बीअर अधिक नितळ उतरे आणि तिचा कडवटपणा अधिक रेखीव लागे. त्याच गावच्या बास कंपनीने १८३०च्या दशकात हॉजसनला मागे टाकले.

ही बीअर पीत कोण? मुख्यतः कंपनीचे अधिकारी आणि गोरे व्यापारी. आपल्या माणसांच्या वाट्याला बहुधा पेट्या उतरवण्याची हमाली आणि साहेबाच्या घरची चाकरी आली. बर्फ दुर्मिळ असताना सोऱ्याच्या पाण्यात बाटल्या फिरवून त्या गार करणारा ‘आबदार’ हा एक खास नोकर असे. हॉजसनचे नाव राहिले. त्या आबदारांपैकी एकाचेही नाव या बीअरच्या इतिहासात आढळत नाही. गंमत अशी, की ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे शब्द छापून आल्याचा आजवर सापडलेला पहिला दाखला हिंदुस्थानातला नाही, विलायतेतलाही नाही. तो १८२९ सालच्या सिडनीच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीचा आहे.

पुढे बर्फ सुलभ झाला, फिकी थंड लागर आली आणि ही बीअर मागे पडली. विसाव्या शतकात विलायतेत तिचे नाव उरले, जोर ओसरला. तिला नवा जन्म मिळाला तो अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कंपनीने १९७५मध्ये कॅस्केड जातीचे सुगंधी हॉप वापरून ‘लिबर्टी एल’ काढली, आणि तिच्या मागोमाग पपनसाच्या जातीच्या फळांसारखा दरवळ असणाऱ्या कडू बीअरची लाटच उसळली. कलकत्त्याच्या साहेबाला ती ओळखूही आली नसती. त्याची बीअर अर्धे वर्ष समुद्रावर मुरत असे. आजचा शौकीन बाटलीवरची तारीख पाहतो आणि हॉपचा वास उडण्यापूर्वी ती संपवून टाकतो.