संत्र्याच्या सालीची बेगमी

आमच्या नागपूरच्या घरात संत्र्याची साल केरात टाकणं म्हणजे गुन्हाच होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री यायची. आई त्यांच्या साली सुपात पसरून गच्चीवर वाळवायची, कुटून वस्त्रगाळ करायची आणि बरणीत भरून ठेवायची. ती बरणी उघडायची थेट दिवाळीच्या आधी, उटण्यासाठी. सात-आठ महिने जपलेला तो वास म्हणजे आमची नरकचतुर्दशी!

एमएस करायला ॲन आर्बरला आलो आणि हा रिवाज सुटला. पुढे नोकरी, कन्सल्टिंग, मुलं... गेल्या जानेवारीत लेक केक करत होती. पट्टीसारख्या लांबट किसणीवर तिने संत्रं दोन-चारदा फिरवलं आणि बाहेर बर्फ पडत असताना स्वयंपाकघरात नागपूर दरवळलं. "बाबा, आजी का नाही हे जेवणात वापरत?" तिने विचारलं. प्रश्न साधा, पण उत्तरासाठी मला इतिहासात शिरावं लागलं.

पहिला धक्का म्हणजे संत्रं मूळचं नागपूरचं नाहीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघूजीराजे भोसले (दुसरे) यांनी ते औरंगाबादहून आणवलं, असं सांगतात. 2014 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इथलं नेव्हल संत्रंही पाहुणंच! ब्राझीलच्या बाहियातून 1870 मध्ये ते वॉशिंग्टनच्या कृषी खात्याकडे आलं, आणि 1873 मध्ये एलायझा टिबेट्स या बाईंनी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला त्याची दोन झाडं लावली. नेव्हलला बी नसते, त्यामुळे पुढचा सगळा विस्तार कलमांचा. त्या दोनांपैकी एक झाड आजही तिथे जपलेलं आहे.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर, माझ्या मते, या दोन पाहुण्यांच्या सालीत आहे. सुगंध असतो वरच्या रंगीत थरातल्या तेलाच्या बारीक पिशव्यांत. आतला पांढरा थर कडू. नागपुरी संत्र्याची साल सैल, नख लावलं की सुटणारी. ती किसणार कशी? म्हणून ती वाळली आणि उटण्यात गेली, जिथे कडूपणाची अडचण नाही. कागदी लिंबाची साल पातळ, म्हणून ते सालीसकट लोणच्यात मुरलं. नेव्हलची साल मात्र जाड आणि फळाला घट्ट चिकटलेली, किसणीसाठीच जन्मलेली! त्यामुळे मराठीत या किसाला वेगळा शब्दही झाला नाही.

आणि ती किसणी? अर्कान्सातल्या ग्रेस बंधूंनी 1990 च्या सुमारास ती सुतारकामासाठी, लाकूड तासायला बनवली होती. 1994 मध्ये कॅनडात ओटावाच्या लॉरेन ली यांनी नवऱ्याच्या हत्यारांच्या दुकानातली ती पट्टी आर्मेनियन ऑरेंज केकसाठी संत्र्यावर फिरवली, आणि सुताराचं हत्यार स्वयंपाकघरात आलं.

आता थोडं कामाचं. दुकानातल्या संत्र्यांवर मेणाचा थर असतो, म्हणून गरम पाण्यात ब्रशने घासून घ्यावीत. फ्लोरिडाच्या काही संत्र्यांच्या सालीला रंगही दिला जात आला आहे, तेव्हा सालीसाठी ऑरगॅनिक घेतलेली बरी. आधी किसावं, मग चिरावं. रस काढलेल्या मऊ फळावर किसणी चालत नाही. कीस झिपच्या पिशवीत पातळ पसरून फ्रीजरमध्ये ठेवला की हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. शिऱ्यात किंवा श्रीखंडात चिमूटभर पुरे. वाळवायच्या साली ताटात पसरून हीटरच्या जाळीजवळ ठेवाव्यात; मिशिगनच्या फेब्रुवारीत ऊन कुठलं!

आईला आता इथवरचा प्रवास झेपत नाही. फोनवर तिला हे सगळं सांगितलं. किसणीचं तिला फारसं कौतुक वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं, "साली कडकडीत वाळल्यात ना? ओल राहिली तर दिवाळीपर्यंत बुरशी येईल हो."

तेव्हा लक्षात आलं, सालीपेक्षा मी विसरलो होतो ते हे: हिवाळ्यातच पुढच्या दिवाळीची तयारी करून ठेवणं. आता फ्रीजरमध्ये शंकरपाळ्यांसाठी कीस आहे आणि ओट्यावर उटण्याची बरणी. बरणीवर लेकीने चिठ्ठी चिकटवली आहे: 'दिवाळीपर्यंत उघडू नये. आजीची ऑर्डर!'