कार्ल आउगुस्ट

कार्ल आउगुस्ट : (३ सप्टेंबर १७५७–१४ जून १८२८). जर्मनीतील सॅक्स-वायमार-आयझेनाख या छोट्या संस्थानाचा ड्यूक व १८१५ पासून ग्रँड ड्यूक. वायमार येथे जन्म. वडील १७५८ मध्ये वारल्याने तो सज्ञान होईपर्यंत आई आना अमालिया हिने राज्यकारभार पाहिला. तिने १७७२ मध्ये कवी व्हीलांट यास त्याचा शिक्षक नेमले. १७७५ मध्ये त्याने सत्ता हाती घेतली व हेस-डार्मस्टाटच्या लुईझेशी विवाह केला.

त्याच वर्षी त्याच्या निमंत्रणावरून गटे वायमारला आला. दरबारातील जुन्या अधिकाऱ्यांचा विरोध डावलून कार्ल आउगुस्टने त्यास मंत्रिमंडळात घेतले. पुढे हेर्डर व शिलर हेही वायमारला स्थायिक झाले. सुमारे एक लाख लोकवस्तीचे हे संस्थान त्यामुळे जर्मन साहित्याचे केंद्र बनले. येना विद्यापीठासही त्याने आश्रय दिला. तथापि निरीश्वरवादाच्या आरोपावरून उठलेल्या वादात १७९९ मध्ये फिक्टे यास तेथील अध्यापकपद सोडावे लागले.

राजकारणात त्याची ओढ प्रशियाकडे होती. ऑस्ट्रियाच्या वर्चस्वास आळा घालणाऱ्या १७८५ च्या राजसंघासाठी तो झटला. प्रशियाच्या सैन्यातून तो फ्रान्सविरुद्ध लढला. १८०६ मध्ये येना येथे प्रशियाचा पराभव झाला, तेव्हा तो प्रशियाच्या सैन्यात व लुईझे वायमारमध्ये होती. तिने नेपोलियनला धैर्याने तोंड दिले. राज्य वाचविण्यासाठी त्याला ऱ्हाइन राज्यसंघात सामील व्हावे लागले.

व्हिएन्ना परिषदेत त्याला ग्रँड ड्यूक हा किताब व अधिक प्रदेश मिळाला. ५ मे १८१६ रोजी त्याने संविधान दिले. त्यानुसार ३१ सदस्यांच्या विधिमंडळात जमीनदारांना ११, नागरिकांना १० व शेतकऱ्यांना १० जागा मिळाल्या. मुद्रणस्वातंत्र्यही मान्य झाले. १८१७ मध्ये त्याच्याच राज्यातील वार्टबुर्ग किल्ल्यावर विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय ऐक्याचा मेळावा भरविला. त्यामुळे मेटरनिखचा रोष ओढवला. १८१९ मध्ये येनाचा विद्यार्थी झांट याने नाटककार कोट्सेबू याचा खून केला. त्यानंतरच्या कार्ल्सबाड निर्बंधांपुढे त्याला मान तुकवावी लागली. मोठ्या सत्तांच्या छायेत छोट्या राजाच्या उदारमतवादाला असलेली मर्यादा यातून स्पष्ट होते.

टोर्गाउजवळील ग्राडिट्स येथे तो मरण पावला. त्याच्यामागून मुलगा कार्ल फ्रीड्रिख गादीवर आला.