वस्तुमाहिती, ई-व्यापारातील

विक्रेय वस्तूचे नाव, घडण, माप, दर, उगमस्थान व शिल्लक यांची ऑनलाइन दुकानासाठी ठेवलेली सुसूत्र नोंद. बेळगाव जिल्ह्यातील नंदगडच्या पेठेत गिऱ्हाईक वहाण हाताळून, वाकवून मगच सौदा ठरवते; दूरस्थ ग्राहकास मात्र ही नोंद हाच एकमेव दाखला असतो.

त्याच जिल्ह्यातील निपाणी-अथणीकडील कोल्हापुरी चपलेचे उदाहरण बोलके आहे. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीची शिवण आणि कानांची ठेवण हे गुण स्वतंत्र रकान्यांत न मांडता ‘चप्पल, तपकिरी’ एवढेच लिहिले, तर कारागिराचे कसब आणि कृत्रिम चामड्याची यंत्रनिर्मित नक्कल एकाच यादीत सारख्याच मोलाने बसतात, आणि हा अन्याय क्षुल्लक नव्हे. २०१९ मध्ये या चपलेस लाभलेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांचे असून त्यांत बेळगाव आहे. सबब उगमस्थानी सरसकट कोल्हापूर लिहिणे सदोष ठरते. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-व्यापार) नियमांनुसार मूळ देश नमूद करणेही बंधनकारक आहे. प्रत्येक माप व रंग यांस पृथक् संकेतांक देऊन शिल्लक रोजच्या रोज रुजू करावी लागते. एरवी विकून संपलेल्या जोडाचीही मागणी स्वीकारली जाते.