चाळीस गुंठ्यांचा एकर

हुबळी-धारवाड भागातल्या शेताच्या उताऱ्यावर, म्हणजे पहाणीवर, क्षेत्र आजही एकर, गुंठे आणि आणे यांतच लिहिलेले असते. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाराष्ट्राच्या सातबारावर हेक्टर आणि आर आले, कर्नाटकात मात्र ‘भूमी’ या संगणकीय नोंदणीनेही एकर-गुंठ्यांची चौकट तशीच ठेवली. यावर ‘इंग्रज गेले, त्यांची मापे राहिली’ असे एक सोपे उत्तर दिले जाते. ते मला अपुरे वाटते. धारवाडच्या शिवारात टिकलेला एकर विलायतेहून जसाच्या तसा आलेला नाही. तो मुंबई इलाख्याच्या मोजणीखात्याने इथल्या हिशेबाच्या सवयीत बसवून घडवला, आणि तो टिकला तो या घडणीमुळे.

आधीची मापे काय होती ते पाहिले पाहिजे. चालुक्यकाळातल्या इकडच्या शिलालेखांत जमिनीचे दान ‘मत्तर’ या मापात दिलेले आढळते, आणि ते मोजण्याची काठी गावोगाव वेगळी असे. पुढच्या काळात कूरगी हे माप होते: तिफणीने एका दिवसात जेवढे पेरून होईल तेवढे रान. देशावर पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर होता. कूरगीचे क्षेत्र जमिनीप्रमाणे बदलायचे. नवलगुंदकडची चिकट काळी आणि कलघटगीकडची तांबडी, यांत एका दिवसाचे काम सारखे होत नाही. हे अडाणीपण म्हणून उडवून लावणे चूक आहे. त्या मापात जमिनीच्या पृष्ठभागाबरोबर तिच्यावर पडणारे कष्टही मोजले जात. खुद्द इंग्लंडातला एकरही मुळात असाच, बैलांच्या दिवसभराच्या नांगरटीचा होता. ६६० फूट लांब आणि ६६ फूट रुंद अशी ती पट्टी, पुढे ४,८४० चौरस यार्डांवर कायम झाली.

१८१७-१८ साली धारवाड इंग्रज अधिकारी मन्रो याने पेशव्यांकडून घेतले. नव्या सरकारला सगळ्या गावांची तुलना करता येईल असे एकच माप हवे होते. पुण्याकडे प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली पहिली मोजणी चुकांनी भरलेली निघाली आणि सोडून द्यावी लागली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यातून नवी सुरुवात केली. विंगेटने हीच पद्धत १८४० च्या दशकात हुबळी-धारवाडकडे आणली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. या पद्धतीचे खरे कसब तिच्या साखळीत होते. गुंटरची विलायती साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. मुंबईच्या खात्याने तिची निम्मी, ३३ फुटांची साखळी घेतली आणि तिचे सोळा भाग करून प्रत्येकाला आणा म्हटले. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, नेमका एक एकर. साखळीभर लांब आणि आणाभर रुंद पट्टी म्हणजे गुंठ्याचा एक आणा. पाच साखळ्या रुंद आणि आठ साखळ्या लांब शेत मोजणीदाराने पाहिले की तो ‘एक एकर’ एवढेच लिहायचा. फूट, यार्ड, दशांश यांत त्याला शिरावेच लागत नसे. रुपयाचे सोळा आणे ज्याला तोंडपाठ, त्या कुलकर्ण्याला हा हिशेब शिकवायची गरज नव्हती.

हे सगळे शेतसारा वसूल करण्यासाठीच होते, हा आक्षेप खरा आहे. साखळी गावात आली ती महसुलासाठीच. पण कूरगीत मुरलेले शहाणपण पुसले गेले असते तर नवा एकर फार अन्यायाचा ठरला असता, कारण काळ्या आणि मुरमाड जमिनीचा एकर कागदावर सारखाच दिसतो. म्हणून खात्याला प्रतवारी करावी लागली: सर्वांत चांगली जमीन सोळा आणे, आणि तिथून उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत. सर्व्हे नंबराचा आकार ठरवतानाही एका बैलजोडीला पेलेल एवढ्या रानाचा विचार केला गेला. जुन्या मापाने जे एका शब्दात सांगितले, ते नव्या पद्धतीत क्षेत्र आणि प्रत अशा दोन आकड्यांत विभागले गेले. सारा जड होता की हलका हा वेगळा वाद आहे. मोजमाप म्हणून ही विभागणी उत्तम होती, असे माझे मत आहे.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत बळकट पुरावा कर्नाटकातच आहे. इंग्रजी राज्यामुळेच एकर टिकला असता तर त्याचे पोटभाग सगळीकडे सारखे असते. मंगळूरकडचा प्रदेश मद्रास इलाख्यात होता, तिथे आजही एकराचे शंभर सेंट करतात. धारवाड, बेळगाव, विजापूर मुंबई इलाख्यात, म्हणून तिथे गुंठा. म्हैसूर संस्थानाने १८६३ पासून मुंबईची पद्धत उचलली, म्हणून गुंठा तिकडेही गेला. राज्य एकाच साम्राज्याचे असूनही सेंट आणि गुंठा यांची सीमा जुन्या मोजणीखात्यांच्या सीमेवरून जाते.

मेट्रिक माप दहाच्या पटीतले, म्हणून सोपे, असे म्हणतात. कागदी आकडेमोडीसाठी ते खरेच आहे. पण शेतात हिशेब लागतो तो बहुधा वाटणीच्या वेळी. चाळीसाचे दोन, चार, पाच, आठ असे सरळ वाटे पडतात, आणि सोळा आण्यांना चार वेळा निम्मे करता येते. तीन भाऊ असले तर तेरा गुंठे पाच आणे आणि वर आण्याचा तिसरा हिस्सा असा तुकडा पडतो, हे खरे. पण तीन वाटे शंभर आरांचेही सुबक होत नाहीत.

आता व्यवहाराचे. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ की महाराष्ट्रात आरालाच गुंठा म्हणायची रीत पडली आहे. शंभर गुंठ्यांवर हा फरक ११७ चौरस मीटरांचा होतो, म्हणजे हुबळीतल्या ३० बाय ४० फुटांच्या एका प्लॉटपेक्षा जास्त. त्याहून मोठी चूक टिंबाची. पहाणीवरचे २.२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे, अर्थात अडीच एकर. ते दशांशात वाचणारा अठ्ठ्याऐंशीच गुंठे धरतो आणि बारा गुंठ्यांना, म्हणजे १३,०६८ चौरस फुटांना मुकतो. तेव्हा सीमेपलीकडची, कर्नाटकातली वडिलोपार्जित जमीन विकताना, घेताना किंवा वाटताना आधी सगळे क्षेत्र गुंठ्यांत मांडा, मग चौरस फूट किंवा चौरस मीटर करा, आणि तोच आकडा अक्षरी लिहूनच दस्तावर सही करा.