वाराचे ताट आणि घरची भाकर

बार्शीटाकळीहून अकोला पाच-सहा कोसांवर. आमच्या गावची मुले दहावी-बारावी झाली, की पुढच्या शिक्षणासाठी बहुधा तिकडेच जातात. काही रोज ये-जा करतात, काही तिथे खोली घेऊन राहतात. माझा एक जुना विद्यार्थी असाच चौघांत मिळून खोली करून राहिला. मार्गशीर्षात तो मला भेटायला आला, तेव्हा त्याचा चेहरा पिवळट पडलेला होता. गावच्या डॉक्टरांनी रक्त कमी असल्याचे सांगितले होते. काय खातोस म्हणून विचारले, तेव्हा त्याने हिशेब दिला : एक वेळ खाणावळ, सकाळी पोहे, रात्री जमेल ते, बहुधा वडापाव. "आणि घरची भाकर?" तो खाली पाहत म्हणाला, "सर, डब्यात भाकर नेली का पोट्टे हासतात."

मी स्वतः मॅट्रिकवर थांबलेला माणूस. वसतिगृहाच्या पंगतीत मी कधी बसलो नाही. पण त्या वाक्याने मला कित्येक रात्री जागे ठेवले. गरीब विद्यार्थ्याने काय खावे हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचे एक पान आमच्या अकोल्यातलेच आहे.

गोपाळ गणेश आगरकर मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. शिक्षणासाठी वणवण करीत ते नातलगांच्या आश्रयाने अकोल्यास आले आणि १८७५ साली येथूनच मॅट्रिक झाले. विष्णु मोरेश्वर महाजनींसारख्या गुरूचा आधार मिळाला, म्हणून पुण्याच्या डेक्कन कॉलेजची वाट तरी दिसली. त्यांचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी अंगात चढत असे, ही गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सदऱ्याची गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली, ताटाची कोणी विचारली नाही. त्याच कॉलेजात १८७३ साली दाखल झालेल्या टिळकांनी पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा शरीरावर खर्च केले : तालीम, पोहणे आणि त्याला साजेसा आहार. आगरकरांना अशी चैन कोठून परवडणार? ते १८९५ साली अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या दम्याचे खापर मी विद्यार्थिदशेतल्या उपासमारीवर फोडत नाही. तो अधिकार वैद्याचा. पण दोन मित्रांच्या त्या दोन वाटा आठवल्या, की मला आपले ताट नेहमी दिसते.

त्या काळी गरीब विद्यार्थ्याला दोन मार्ग मोकळे होते. एक मधुकरी, म्हणजे घरोघर जाऊन शिजलेले अन्न मागणे. दुसरा वार, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी बांधून घेणे. सोमवारी अमक्याकडे, मंगळवारी तमक्याकडे. एखाद्या घरी सुतक आले, कोणी गावाला गेले, की तो दिवस पाण्यावर. पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुलांनीही मधुकरीच्या झोळ्या वाहिल्या आहेत. वारावर जेवून मोठी झालेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी त्या घरांचे ऋण मनापासून मानले आहे. ते मानावेच. पण या ताटाला दोन उणिवा होत्या. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसून जेवणारा मुलगा पोटभर मागू शकत नाही. वाढणाऱ्या माउलीने विचारले तरी तो मान हलवतो. आणि दुसरी उणीव याहून मोठी. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या मुलाला वार लावून देणारे घर गावात नव्हतेच. कुणब्या-माळ्याच्या पोरालाही ते सहसा मिळत नसे.

म्हणून बोर्डिंग निघाले ते केवळ छपरासाठी नव्हे, चुलीसाठी निघाले असे मला वाटते. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. भाऊराव पाटलांनी त्यापुढचे पाऊल टाकले. साताऱ्यात १९२४ साली त्यांनी सुरू केलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका चुलीवर रांधून एका पंगतीत जेवू लागली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. मुलांनी घरून धान्य आणावे, स्वतः राबावे आणि स्वतः शिजवावे, अशी रीत होती. रयतेच्या घरोघर रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याचा मुष्टिफंडही याच वाटेवरचा. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. वाराच्या ताटात मुलगा पाहुणा होता. इथे तो घरचा झाला.

आमच्या वऱ्हाडात हे काम पंजाबराव देशमुखांनी केले. विलायतेत शिकून आल्यावर त्यांनी अमरावतीत स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने छात्रालय काढले, तेही सर्व जातींच्या मुलांसाठी. शेतकऱ्याच्या पोराला शहरात राहायला जागा आणि खायला दोन घास मिळाले, तर बुद्धीत तो कोणाला हार जाणार नाही, ही त्यांची खात्री होती. त्यांच्याच मुलखात गाडगेबाबा आधी गाव झाडीत आणि मग भाकर मागून घेत. भांडी मोडा, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असे ते कीर्तनातून सांगत. हातावरच्या भाकरीची लाज त्यांना कधी वाटली नाही.

दूरदेशीही चित्र फार वेगळे नव्हते. १९२० नंतर लंडनला शिकत असताना बाबासाहेब आंबेडकर दिवसभर ग्रंथालयात काढीत, आणि रात्री भूक अनावर झाली म्हणजे भाजलेले पापड आणि कपभर दूध यांवर भागवीत.

आता त्या भाकरीविषयी. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत एक्रॉइड यांनी १९३७ साली हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली, आणि आपल्या ताटाचा हिशेब प्रथमच आकड्यांत मांडला गेला. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली. तेथे गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली दाखवले, की निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा, कातडी काळवंडून सोलणारा रोग होतो. तेव्हा 'भाकर खा आणि निश्चिंत राहा' असे कोणी सांगू नये. ज्वारीत लायसिन नावाचे प्रथिनद्रव्य कमी असते. तुरीच्या वरणात ते भरपूर असते. दोन्ही एका ताटात आली, की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आमच्या आयाबायांना हे नाव ठाऊक नव्हते, पण ताट त्यांनी तसेच वाढले : भाकर, वरण, अंबाडीची नाही तर चिवळीची भाजी, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे. पालेभाजीतले लोह अंगी लागायला लिंबाची फोड लागते. जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. माझ्या विद्यार्थ्याच्या दिवसात लिंबू नव्हते आणि चहा चार वेळा होता.

मात्र एक गोष्ट मुलांच्या बाजूने सांगितली पाहिजे. ज्वारी आता गरिबाचे धान्य राहिलेली नाही. आमच्या शिवारात सोयाबीन आले, ज्वारीचे पट्टे आखडले, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले, आणि बाजारात ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली. ज्या भाकरीला पोरे हसतात, ती शहरातल्या हॉटेलांत वेगळे दाम मोजून मिळते! २०१६-१७ पासून सरकारच्या दोन योजना आल्या : अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार, आणि शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुलांसाठी पंजाबरावांच्याच नावाचा निर्वाह भत्ता. पैसे मुलाच्या खात्यात जातात. चूल मात्र जात नाही. पैसा हाती आलेल्या एकट्या मुलाला टपरी जवळ आणि बाजार दूर वाटतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

त्या मुलाला मी उपदेश केला नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगाची हकिकत तेवढी सांगितली. पंधरा दिवसांनी त्याची आई शाळेत आली. "मास्तर, चौघांनी मिळून तवा अन्‌ कुकर घेतला म्हणते. वरण-भात तर जमते, पण भाकर तुटते म्हणते. मी काय करू?" मी विचारले, पीठ कधी दळले होते. तिने बोटांवर मोजले : वीस दिवस झाले होते. पिठाची विरी गेली होती. आठवड्यापुरतेच दळून पाठवा, आणि उरलेल्या जुन्या पिठाची आंबील करायला सांगा, असे मी म्हटले. ती हसली, आणि पदराच्या गाठीतून जवसाच्या चटणीची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवून गेली.