पाचारणाचा कागद

पाळक हवा असला की स्कॉटलंडमधली प्रेसबिटेरियन मंडळी एक कागद करते. आमच्याकडे या, आम्ही तुमचा मान राखू, प्रभूमध्ये तुमचं ऐकू, असा त्याचा मजकूर. खाली सभासदांच्या सह्या. हे पाचारण. १८३४ साली ऑक्टरार्डर इथे अशा कागदावर गावातल्या अवघ्या दोघांनी सह्या केल्या. तिथे पाळक नेमण्याचा हक्क असलेले जमीनदार लॉर्ड किनूल यांनी रॉबर्ट यंग यांना नेमायचं ठरवलं होतं आणि ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी ते नाकारलं होतं.

हा वाद जुना होता. मंडळीने आपला पाळक स्वतः निवडावा, असं स्कॉटिश धर्मसुधारकांनी १५६० सालीच लिहून ठेवलं होतं. १७१२ साली ब्रिटिश संसदेने तो हक्क पुन्हा जमीनदारांना आणि राजाला दिला. पाचारणाचा कागद तेवढा उरला. स्थानिक प्रेसबिटरी, म्हणजे त्या भागातल्या पाळकांची आणि वडीलमंडळींची सभा, नको त्या माणसाला दीक्षा द्यायला तयार नसली, तर बाहेरचे पाळक घोड्यांवरून येत आणि विधी उरकून निघून जात. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत क्लेशदायक वाटतं ते हेच.

ऑक्टरार्डरच्या प्रेसबिटरीने यंग यांना नाकारलं. लॉर्डसाहेब कोर्टात गेले आणि १८३९ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जिंकले. मंडळीच्या नकाराला कायद्यात किंमत नाही, असा त्याचा अर्थ. हे न मानणाऱ्या पाळकांची रांग १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत चर्चच्या महासभेतून बाहेर पडली आणि चालत कॅननमिल्सच्या टॅनफील्ड हॉलमध्ये गेली. थॉमस चामर्स त्यांचे पुढारी. स्कॉटलंडमधल्या सुमारे बाराशे पाळकांपैकी ४७४ जणांनी घर आणि पगार सोडून दिला, कशासाठी, तर गावकऱ्यांच्या सहीला अर्थ असावा म्हणून! त्यांनी उभं केलेल्या फ्री चर्चमध्ये मुंबईचे डॉ. जॉन विल्सनही सामील झाले. नागपूरला आलेले स्टीफन हिस्लॉप त्याच चर्चचे मिशनरी. मुंबई-नागपुरातल्या ज्या दोन कॉलेजांना त्यांची नावं आहेत, त्यांच्यामागे हा झगडा आहे.

ज्याला पाचारण करायचं तो पाळक आधीच दुसऱ्या मंडळीत असला तर खरी परीक्षा. तेव्हा ते पाचारण थेट त्याच्या घरी जात नसे. नवी मंडळी आपले प्रतिनिधी प्रेसबिटरीकडे पाठवी. जुन्या मंडळीलाही बोलावणं जाई. एक बाजू सांगे, आमची जागा रिकामी आहे, यांची गरज आम्हाला आहे. दुसरी सांगे, इथलं काम अर्धवट आहे, यांना नेऊ नका. पाळक समोर बसून दोन्ही ऐके. पाचारण त्याच्या हातात दिलं जाई आणि त्याचं उत्तर विचारलं जाई. बदलीचा निर्णय मात्र प्रेसबिटरीचा. ती नाहीही म्हणू शके. मोठं गाव किंवा जास्त पगार हे कारण त्या बैठकीत उघडपणे मांडणं अवघडच, कारण ज्यांना सोडून जायचं ते समोरच बसलेले. ही रीत मला फार मोलाची वाटते: पाळकाच्या मनातली घालमेल त्याच्या एकट्यावर टाकलेली नाही.

जमीनदारांचा हक्क १८७४ साली रद्द झाला. पाचारणाचा कागद मात्र राहिला: पाळकाने नकार दिला, तर मंडळी नवा माणूस शोधते आणि सह्या पुन्हा गोळा करते.